घडीचा कॅमेरा आणि त्याची फिल्म

जुन्या वस्तू माळ्यावरून खालीं काढून पुन्हां चालत्या कराव्या, अशी हौस सध्यां आपल्या तरुण मंडळींत बरीच दिसूं लागली आहे. आजोबांचें टांकाचें पेन, मामांचें किल्लीचें घड्याळ, आत्याबाईंचा ग्रामोफोन यांवरील धूळ झटकली जात आहे. ही हौस आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. पेनास शाई मिळते, घड्याळास किल्ली दिली कीं भागतें. एका वस्तूची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. ती म्हणजे चामड्यानें मढविलेला, पुस्तकासारखा मिटणारा आणि टिपलेलें छायाचित्र त्याच क्षणीं बाहेर टाकणारा पोलरॉइडचा घडीचा कॅमेरा. तो सांपडला म्हणजे अर्धेंच काम झालें. त्यांत फिल्म कोणती घालावयाची, हा प्रश्न सुटेपर्यंत तो दिवाणखान्यांतील एक शोभेचा ठोकळाच होय.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा असता, तर त्यासाठीं मासिकाचीं इतकीं पानें आम्हीं अडविलीं नसतीं. पण असले कॅमेरे बाहेर निघतात ते बहुधा कांहीं निमित्तानें. घरांत आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन असतें, धाकट्याची मुंज असते, किंवा परदेशीं स्थायिक झालेली लेक चार दिवसांसाठीं माहेरीं आलेली असते. मोबाइलनें शेंकडों चित्रें निघतात व तेथेंच दडून राहतात. हातांत धरतां येईल असें एक तरी चित्र असावें, असें कोणाला तरी वाटतें आणि जुन्या कॅमेऱ्याची आठवण होते. आतां फिल्मच्या एका पाकिटांत चित्रें निघतात आठ. त्यांस निगेटिव्ह नाहीं, म्हणून दुसरी प्रत नाहीं. अमेरिकेंतील दरानेंच एका चित्रास दोन डॉलरांहून अधिक पडतात. वाहणावळ व आयातकर निराळाच. पैसा एक वेळ पुन्हां मिळवितां येईल. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला नवें उपरणें घालून त्याच पाटावर, त्याच मुहूर्तावर पुन्हां बसवितां येणार नाहीं. म्हणून फिल्म निवडतांना चुकूं नये.

प्रथम या यंत्राची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण निवडीचे नियम तिच्यांतूनच उलगडतात. १९४३ सालीं एडविन लँड हे अमेरिकन संशोधक सांटा फे येथें कुटुंबासह सुटीवर गेले होते. वडिलांनीं आपलें छायाचित्र काढलेलें पाहून त्यांच्या लहान मुलीनें विचारलें कीं, तें आतांच्या आतां पाहावयास कां मिळत नाहीं? मुलांच्या असल्या प्रश्नास आपण बहुधा 'गप्प बैस' एवढेंच उत्तर देतों. लँड यांनीं त्या प्रश्नावर चार वर्षें घालविलीं. फेब्रुवारी १९४७ मध्यें त्यांनीं आपली कृति विद्वानांच्या सभेपुढें करून दाखविली आणि नोव्हेंबर १९४८ मध्यें 'मॉडेल ९५' हा त्यांचा पहिला कॅमेरा बॉस्टन शहरांत विक्रीस आला. तोही घडीचाच होता. पण त्यांतील चित्र कागदापासून सोलून वेगळें करावें लागे.

हा सोलण्याचा खटाटोप नाहींसा करणारा एस.एक्स.-७० हा कॅमेरा १९७२ सालीं निघाला. मिटला कीं कोटाच्या खिशांत मावावा, उघडला कीं आरशाच्या साहाय्यानें भिंगांतलेंच दृश्य डोळ्यांस दिसावें आणि कळ दाबतांच चित्र आपण होऊन बाहेर यावें, अशी त्याची रचना. आमच्या वाचकांस एक गोष्ट जाणून कौतुक वाटेल. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दंपतीनें १९५८ सालच्या आपल्या भारतविषयक अहवालांत आपल्या साध्या लोट्याच्या घडणीची मनापासून वाखाणणी केली होती. त्याच अहवालावरून पुढें १९६१ त अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. याच दंपतीनें १९७२ त एस.एक्स.-७० वर एक लघुपट तयार केला. ज्यांस तांब्याचें सौंदर्य कळलें, त्यांस या कॅमेऱ्याचेंही कळलें, यांत नवल तें काय?

पुढें डिजिटल कॅमेऱ्यांचा सुळसुळाट झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्यें पोलरॉइड कंपनीनें फिल्मचें उत्पादन बंद करीत असल्याचें जाहीर केलें. नेदरलँड्समधील एन्शेडे येथील शेवटचा कारखाना मोडींत निघण्याच्या बेतांत असतां कांहीं जाणत्या कामगारांनीं व हौशी मंडळींनीं 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट', म्हणजे 'अशक्य उद्योग', या सार्थ नांवाखालीं तेथील यंत्रसामग्री राखली. जुनीं रसायनें मिळेनाशीं झालीं होतीं; म्हणून फिल्मची घडण जवळजवळ पहिल्यापासून नव्यानें शोधावी लागली. २०१० सालीं ती नवी फिल्म बाजारांत आली. हाच उद्योग २०१७ त 'पोलरॉइड ओरिजिनल्स' या नांवानें व २०२० पासून पुन्हां नुसत्या 'पोलरॉइड' या नांवानें चालूं लागला. तात्पर्य, आज मिळणारी फिल्म नांवानें जुनी असली तरी प्रकृतीनें नवी आहे. ती प्रकाशास व उन्हाळ्यास पहिलीपेक्षां अधिक हळवी आहे, हें ध्यानांत धरूनच पुढील विचार केला पाहिजे.

चित्राच्या खालच्या बाजूस जी रुंद पांढरी पट्टी असते आणि जिच्यावर आपण तिथि व नांव लिहितों, तिच्याच पोटांत रसायनाची एक चिमुकली पिशवी दडलेली असते. चित्र बाहेर येतांना दोन पोलादी रुळांमध्यें दाबलें जातें, पिशवी फुटते आणि तींतील दाट लगदा आंतील थरांवर सारखा पसरतो. निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशास जागणारे असे हे निरनिराळे थर असतात. जेथें प्रकाश पडला तेथील रंग जागींच अडकून राहतो. जेथें पडला नाहीं तेथील रंग सुटून वरच्या थरांत चढतो आणि चित्र उमटूं लागतें. हें चाललें असतां लगद्यांतील एक गडद द्रव्य पडद्याप्रमाणें बाहेरचा प्रकाश अडवून धरतें आणि काम संपत आलें कीं स्वतः निस्तेज होऊन बाजूस सरतें. येणेंप्रमाणें पूर्वीं जी क्रिया अंधाऱ्या खोलींत तासभर चाले, ती या कागदाच्या पोटांत दहा-पंधरा मिनिटांत उरकते. ही एक प्रकारची चूलच म्हणावयाची. आंच अधिक झाली तर पोळी करपते, कमी झाली तर कच्ची राहते. कोंकणपट्टींतील उन्हाळ्याचा या चित्राशीं संबंध कां येतो, हें आतां वेगळें सांगावयास नको.

फिल्म घेण्यापूर्वीं आपला कॅमेरा कोणत्या जातीचा हें नक्की करावें. घडीचे सगळे कॅमेरे एक नव्हेत. कापडी किंवा चामडी भात्याचा आणि सोलून काढावयाचीं चित्रें देणारा जुना कॅमेरा असेल, तर त्याची आशा सोडलेली बरी. मॉडेल ९५ च्या जातीची गुंडाळीची फिल्म १९९२ पासून बंद आहे. १९६३ सालापासून निघालेल्या दुसऱ्या एका घडीच्या मालिकेस चपट्या पाकिटांतील सोलावयाची फिल्म लागे. पोलरॉइडनंतर ती फुजी कंपनी बनवीत असे, पण तिनेंही २०१६ त हात आंवरला. कोडॅक कंपनीनें १९७६ पासून तत्काळ चित्राचे कॅमेरे काढले होते. पेटंटच्या दाव्यांत हार झाल्यामुळें १९८६ त तिला तो धंदा सोडावा लागला, आणि त्या कॅमेऱ्यांची फिल्मही त्याबरोबरच गेली. पोलरॉइडच्या 'स्पेक्ट्रा' जातीची रुंद फिल्म २०१९ पर्यंत तग धरून होती. तीही आतां निघत नाहीं. असले कॅमेरे घरांत असल्यास पुसून कपाटांत ठेवावे. त्यांच्यासाठीं मुदत उलटून गेलेलीं पाकिटें दामदुपटीनें विकत घेऊं नयेत. त्यांतील रसायन सुकून गेलेलें असण्याचाच संभव अधिक.

उरला तो एस.एक्स.-७० व त्याचे भाऊबंद. मिटल्यावर चपटा, वर चामड्याच्या पट्ट्या, आणि खालच्या अंगास पुढें पाकीट सरकविण्याचें दार, ही त्याची खूण. १९७८ पासून निघालेल्या कांहीं कॅमेऱ्यांच्या कपाळावर सोनेरी जाळीची एक गोल चकती दिसते; ती ध्वनिलहरींनीं अंतर मोजून भिंग आपोआप जुळविते. त्यांसही तीच फिल्म चालते. मात्र दिसावयास असेच, पण वर दिव्याची पेटी बसविलेले १९८२ चा एस.एल.आर. ६८० आणि १९९६ चा एस.एल.आर. ६९० असे दोन कॅमेरे आहेत. त्यांस निराळी फिल्म लागते. म्हणून अंगावरील नांव वाचल्याखेरीज मागणी नोंदवूं नये.

आतां प्रत्यक्ष फिल्मकडे वळूं. पोलरॉइडच्या दुकानांत चौरस चित्राच्या तीन फिल्मा एकासारख्या एक दिसतात: एस.एक्स.-७०, ६०० आणि आय-टाइप. चित्राचा आकार तिन्हींचा सारखाच. भेद आहे तो वेगांत आणि विजेंत. फिल्मचा वेग म्हणजे ती किती थोड्या प्रकाशांत जागी होते त्याचें माप. एस.एक्स.-७० फिल्मचा वेग सुमारें १६० आणि ६०० फिल्मचा ६४०, म्हणजे चौपट. कॅमेऱ्याची आंतील प्रकाशमोजणी १६० चा हिशेब धरून केलेली असल्यामुळें त्यांत ६०० फिल्म तशीच घातली, तर चौपट प्रकाश पडून आजोबांच्या जागीं पांढरा ढग तेवढा दिसेल. पुढच्या बाजूचें फिकट-गडद करण्याचें चक्र गडदाकडे फिरविलें तरी एवढी तफावत भरून निघत नाहीं. ६०० च्या पाकिटाच्या बुडाशीं बारीक उंचवटे ठेवलेले आहेत, ते चुकीच्या कॅमेऱ्यांत पाकीट सहज जाऊं नये म्हणूनच.

यावर कित्येक जण तोड सुचवितात कीं, पाकिटावर एक करडी गाळणी बसवावी, म्हणजे ती चार भागांतले तीन भाग प्रकाश अडवील आणि ६०० फिल्म निर्धास्त वापरतां येईल. हें खरें आहे. पण त्यांतील मर्म नीट समजून घ्यावें. गाळणी लावतांच ६०० फिल्मची चपळाई नाहींशी होऊन ती १६० चीच होऊन बसते. अंधाऱ्या माजघरांत तिचा अधिक उपयोग होईल, ही समजूत चुकीची. गाळणीचा लाभ इतकाच कीं, एस.एक्स.-७० ची फिल्म मिळत नसेल तेव्हां काम अडत नाहीं. ६०० च्या वेगाचा खरा फायदा पाहिजे असेल, तर जाणत्या कारागिराकडून कॅमेऱ्यांतील विजेची मांडणीच बदलून घ्यावी लागते. आणि मग त्यांत मूळची १६० ची फिल्म चालत नाहीं. वडिलांच्या वस्तूवर अशी शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. ६८० व ६९० यांस मात्र ६०० फिल्म ही जन्मतःच मानवते.

तिसरी आय-टाइप. ही तिघींत स्वस्त, आणि म्हणूनच फसविणारी. एस.एक्स.-७० कॅमेऱ्यास स्वतःची बॅटरी नाहीं. ती प्रत्येक पाकिटाच्या तळाशीं चपट्या पत्र्यासारखी बसविलेली असते आणि नवें पाकीट घातलें कीं कॅमेऱ्याच्या अंगांत नवा प्राण येतो. आय-टाइपच्या पाकिटांत ही बॅटरीच नसते, कारण ती फिल्म अंगचीच बॅटरी असलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठीं काढलेली आहे. घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांत ती घातली, तर कळ दाबून बोट दुखेल, पण चित्र निघणार नाहीं. आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारी फुजीची इन्स्टॅक्स फिल्म तर मुळांतच निराळ्या मापाची व ८०० वेगाची. ती या कॅमेऱ्यांत बसतच नाहीं. सारांश, न बदललेल्या एस.एक्स.-७० साठीं एस.एक्स.-७० ची फिल्म हीच सरळ वाट. गाळणीसह ६०० ही आडवाट, आणि आय-टाइप व इन्स्टॅक्स या दोन्ही बंद वाटा.

१६० हा वेग मंद खरा. पण भिवंडीच्या उजेडास तो कमी पडत नाहीं. सकाळच्या उन्हांत वाड्याच्या अंगणांत, गच्चीवर, किंवा वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांचा नवस फेडण्यासाठीं उभारलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाच्या दगडी पायऱ्यांवर ही फिल्म उत्तम काम देते. यंत्रमागांच्या शेडमध्यें मात्र, जेथें दिवसाही दिवे लावावे लागतात, किंवा देवघराच्या समईच्या प्रकाशांत तिचें चालत नाहीं. तेथें कॅमेरा आपली झडप बराच वेळ, प्रसंगीं १४ सेकंदांपर्यंत, उघडी ठेवतो. तेवढ्यांत हात हलतो, माणूस हलतो आणि चित्र पुसट होतें. अशा ठिकाणीं कॅमेरा तिवईवर ठेवावा, माथ्यावर बसणारा दिवा लावावा, अथवा सर्वांत सोपें म्हणजे माणसास खिडकीजवळ आणून बसवावें. आपल्याकडील समारंभांत पांढरें धोतर व पांढरें उपरणें फार. मागें अंधारी भिंत असेल, तर कॅमेरा अंधारास भुलून अधिक प्रकाश घेतो आणि वस्त्रें व चेहरा एकत्र विरून जातात. अशा वेळीं चक्र थोडें गडदाकडे वळवावें. उलट, मागें उन्हानें तळपणारी चुन्याची भिंत असेल, तर तें उजळाकडे वळवावें.

रंगीत फिल्म घ्यावी कीं कृष्णधवल, हा पुढचा विचार. लग्नांतील शालू, मुंजींतील पिवळें पीतांबर, ओंटीचा हिरवा खण यांसाठीं रंगीतच पाहिजे. परंतु रंगीत चित्रांत तीन रंगांचा तोल सांभाळावयाचा असतो आणि उष्णतेनें प्रथम बिघडतो तो हा तोलच. चित्र पिवळें-तांबूस पडतें. फार थंडींत तें फिकट व निळसर होतें, पण तें भय आपल्याकडे नाहीं. कृष्णधवल फिल्ममध्यें हा तोल सांभाळण्याचा प्रश्नच नाहीं, शिवाय चित्र लौकर उमटतें. म्हणून वैशाखांत वृद्ध माणसाच्या चेहऱ्याचें चित्र घ्यावयाचें असेल, तर आम्ही कृष्णधवल पाकिटाचीच शिफारस करूं. सुरकुत्यांत जें आयुष्य लिहिलेलें असतें, तें वाचावयास रंगांची गरज नसते.

आतां ज्या गोष्टीकडे सर्वांचें दुर्लक्ष होतें, ती सांगावयाची. फिल्म ही औषधाप्रमाणें मुदतीची वस्तु आहे. पाकिटावर उत्पादनाचा दिनांक छापलेला असतो. त्यापासून वर्षाच्या आंत ती वापरून टाकावी. दुकानदारानें सूट देऊं केली तर आधीं हा दिनांक पाहावा. आणि दिनांकाइतकेंच महत्त्व ती कोठून, कशी आली यास आहे. भिवंडी पूर्वीं केवळ यंत्रमागांची म्हणून ओळखली जाई. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशीं आणि नाशिकच्या महामार्गावर असल्यामुळें ती गोदामांचीही झाली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. पण गोदामें राहिलीं आणि वाढलीं. येथील वाचकास गंमत वाटेल कीं, दूर नेदरलँड्समधून निघालेलें पाकीट त्याच्या घरीं येण्यापूर्वीं कदाचित् त्याच्याच गांवाबाहेर एखाद्या छपराखालीं मुक्काम करून आलेलें असेल. उन्हाळ्यांत पत्र्याखालीं किती तापतें, हें भिवंडीकरांस शिकविण्याची जरुरी नाहीं. म्हणून फिल्म मागवावयाची ती कार्तिकापासून माघापर्यंत मागवावी. चैत्र-वैशाखांत वाहतुकीच्या भरंवशावर ती सोडूं नये. परदेशांतून येणाऱ्या आप्तांकडून आणविल्यास ती त्यांनीं हातांतल्या पिशवींत ठेवावी आणि विमानतळावर क्ष-किरणांच्या यंत्रांतून न नेतां हातानें तपासण्याची विनंति करावी.

घरीं आलेलें पाकीट फ्रीजमध्यें, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर, आडवें ठेवावें. ४ ते १८ अंश सेल्सिअस ही त्यास मानवणारी थंडी. तें गोठूं मात्र कधींही देऊं नये. गोठल्यानें रसायनाची पिशवी नासते. वापरण्यापूर्वीं तासभर आधीं तें बाहेर काढावें आणि वरचें चकचकीत वेष्टन न फोडतां तसेंच राहूं द्यावें. आपल्या दमट हवेंत थंड वस्तूवर लगेच दंव धरतें; तें फिल्मवर धरण्यापेक्षां वेष्टनावर धरलेलें बरें.

चित्र काढण्यास १३ ते २८ अंश हें तापमान योग्य, असें फिल्म बनविणारेच सांगतात. हा आंकडा पुढें ठेवून भिवंडीचें पंचांग मांडावें. मार्गशीर्ष-पौषांतील सकाळ सर्वांत उत्तम. श्रावण-भाद्रपदांत उष्मा सोसण्याजोगा असतो, पण उजेड कमी व दमटपणा फार. म्हणून गौरी-गणपतीचीं चित्रें दाराशीं, पाऊस उघडल्यावर घ्यावीं. चैत्र-वैशाखांत पारा सहज ३५ अंशांपलीकडे जातो; त्या दिवसांत समारंभाचें चित्र सकाळीं आठांच्या आंत उरकावें. बाहेर येतांच चित्र उजेडापासून झांकून, पालथें घालून, गार खोलींत नेऊन ठेवावें आणि पंधरा मिनिटें त्याकडे ढुंकूनही पाहूं नये. चित्र बाहेर येतांना त्यावर आपोआप काळें झांपण उलगडणारी एक लहानशी पट्टी मिळते. ती जुन्या कॅमेऱ्यास अवश्य बसवून घ्यावी. पूर्वींच्या फिल्मला तिची गरज नव्हती, आतांच्या फिल्मला आहे. चित्र हवेंत फडफडविण्याची लकब मात्र सोडून द्यावी. तिनें कांहीं साधत नाहीं, आंतील लगद्याचे थर मात्र बिघडूं शकतात.

काटकसरीच्या दृष्टीनें आमची सूचना अशी कीं, एकाच उत्पादनदिनांकाचीं दोन पाकिटें घ्यावीं. पहिलें समारंभापूर्वीं आठ-पंधरा दिवस, त्याच जागीं व त्याच वेळीं, घरांतील मुलांवर खर्चावें. त्यानें कॅमेऱ्याचा स्वभाव कळतो, चक्र किती वळवावयाचें तें ठरतें आणि रूळ स्वच्छ आहेत कीं नाहींत हेंही समजतें. चित्रावर सारख्या अंतरानें ठिपके दिसले, तर रुळांवर जुनें रसायन सुकलें आहे असें जाणावें व मऊ ओलसर फडक्यानें तें पुसावें. फुटलेल्या पिशवीचा लगदा हातास किंवा डोळ्यांस लागूं देऊं नये. तो तीव्र क्षारांचा असतो. लागलाच तर पुष्कळ पाण्यानें धुवावें. चित्र कातरून पाहण्याचा मोह मुलांस होऊं देऊं नये. आणखी एक. जुन्या पाकिटांत दहा चित्रें असत, म्हणून कॅमेऱ्याची गणती दहापासून खालीं उतरते. आतां आठच असल्यानें मागच्या खिडकींत २ हा आंकडा दिसतो तेव्हां फिल्म संपलेली असते. अजून दोन उरलीं आहेत, या भ्रमांत राहून मुख्य क्षण शेवटास ठेवूं नये. तसेंच आंकडा पाहण्यासाठीं मध्येंच दार उघडूं नये. वरचें चित्र उजेडानें जातें.

कोणी विचारील कीं, एवढ्या सायासापेक्षां मोबाइल काय वाईट? वाईट कांहींच नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, चित्र पूर्ण उमटल्यावर मोबाइलनें त्याची प्रतिमा लगेच घेऊन ठेवावी, म्हणजे दूरच्या आप्तांसही पाठवितां येईल आणि मूळ चित्रास कांहीं झालें तर निदान त्याची सावली राहील. छायाचित्रणाच्या इतिहासांत हा प्रश्न नवा नाहीं. १८३९ सालच्या दागेर यांच्या तांब्यावरील चंदेरी चित्रासही दुसरी प्रत नसे. पुढें निगेटिव्हची युक्ति रूढ झाली आणि एका चित्राचीं शंभर झालीं. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक तींत हिरीरीनें शिरले, तेव्हांपासून प्रती काढणें हीच या कलेची मोठी शक्ति मानली गेली. लँड यांच्या कॅमेऱ्यानें ती शक्ति बाजूस ठेवून पुन्हां एकुलत्या एका चित्राकडे वळण घेतलें. एकच असल्यामुळें तें जपावें लागतें, आणि जपावें लागतें म्हणूनच तें घरांत टिकतें.

जपणुकीविषयीं दोनच गोष्टी सांगून पुरें करूं. नवें चित्र वरून कोरडें दिसलें तरी आंतून सुकावयास त्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर तें प्लास्टिकच्या हवाबंद आल्बमांत कोंडूं नये, विशेषतः पावसाळ्यांत तर नाहींच. नंतर तें कागदी पाकिटांत, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावें. भिंतीवर समोरून ऊन येत असेल तेथें तें टांगूं नये. आणि एकच प्रत असल्यामुळें ती कोणाकडे राहावयाची, हा वाद आमच्या मतें चित्र काढण्यापूर्वींच मिटविलेला बरा. आठांपैकीं एक तरी चित्र ज्याचें काढलें त्याच्याच हातीं द्यावें आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर तिथि त्याच्याकडूनच लिहवून घ्यावी. चेहऱ्याची प्रतिमा मोबाइलांतही सांपडेल. पण त्या दिवशींचें तें थरथरतें अक्षर दुसरें कोठें मिळणार नाहीं.